विहिरीवरच्या सीनमध्ये आई

आमच्या आईने आयुष्यात एकदाच सिनेमात काम केलं, आणि त्यातूनही तिला दुपारच्या जेवणाआधीच काढून टाकलं. तरी त्या दिवसाची आठवण आली की मला अजून हसू फुटतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी सातवीत होते. नाशिक रोडला आम्ही सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो. आमच्या समोरच्या दारी चाची राहायची. मुसलमान, मूळची मालेगावकडची आणि आईची जिवाभावाची मैत्रीण. आई तिला भाभी म्हणायची, ती आईला वहिनी. बारा वर्षं दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं. लोणच्याच्या कैऱ्यांपासून नवऱ्यांच्या तक्रारींपर्यंत सगळं आमच्या हॉलमध्ये बसून चालायचं.

एका हिवाळ्यात कॉलनीत बातमी आली, की चांदवडजवळ जुन्या विहिरीवर शूटिंग आहे आणि नऊवारीतल्या बायका हव्या आहेत. एरवी आईने कधी वेळेवर बस पकडली नाही, पण त्या रविवारी सकाळी सहालाच ती पदर खोचून तयार. चाचीला नऊवारी तिनेच नेसवली. दोघी इतक्या हसत होत्या की निऱ्या दोनदा सुटल्या. शेपूट म्हणून मीही बसमध्ये चढले.

सिनेमातली गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची होती. एक माणूस धर्म बदलतो, थोड्याच दिवसांत मरतो, आणि गाव त्याच्या बायकोला नि तीन पोरांना वाळीत टाकतं. पोरं उपाशी, विहीर बंद. दिग्दर्शक भला माणूस होता, त्याने गोष्ट अगदी जीव ओतून सांगितली. बायकांनी डोळे टिपले. सगळ्यांत जास्त आमच्या आईने. "माणसं होती का राक्षस!" असंही म्हणाली.

नायिका तयार होत होती, म्हणून तालमीपुरतं तिच्या जागी चाचीला उभं केलं. आईच्या हातात घागर दिली. दिग्दर्शक म्हणाला, "ही बाटलेली बाई आहे. तिला पाणी द्यायचं, पण मनाविरुद्ध. बाकी तुम्हाला सुचेल तसं करा."

चाचीने ओंजळ धरली. आईने हातभर उंचावरून धार सोडली, स्वतःच्या पायावर थेंबही न उडवता. पाणी पिऊन चाची बाजूला झाली, तशी आईने उरलेलं पाणी चुळकाभर घेतलं आणि चाची उभी होती त्या दगडावर शिंपडलं. मग घागर कमरेवर घेऊन चालायला लागली.

"वा!" दिग्दर्शकाने टाळ्याच वाजवल्या. "ताई, हे शेवटचं कुठे शिकलात? आमच्या लेखकालाही सुचलं नव्हतं!"

आई लाजली. हनुवटी पुसत चाची हसत म्हणाली, "उसमें सीखना क्या? घरी मी उठून गेले की वहिनी रोज फरशी पुसतात."

सगळ्या बायका खो खो हसल्या. त्यांना वाटलं, चाची गंमत करतेय. मी मात्र हसले नाही, कारण ओलं फडकं आणून देणारी मीच होते. चाचीला नऊवारी नेसवलेलं आईला चालायचं, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलेलंही चालायचं, आणि ती गेली की आई फरशी पुसायची. हा कुठला नियम, आईलाही सांगता आलं नसतं. चाचीच्या दाराला जाळी होती आणि जाळीतून आमचा हॉल दिसायचा, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. आईचा चेहरा पार उतरला. चाची आता आपल्याकडे पाऊल टाकणार नाही, असंच मला वाटलं.

नायिका आली, कॅमेरा सुरू झाला. आईने धार सोडायच्या ऐवजी अख्खी घागरच तिच्या हातात दिली. पुन्हा घेतलं, तर जवळ जाऊन तिला आपल्या हाताने पाणी पाजलं. तिसऱ्यांदा तर भर कॅमेऱ्यासमोर म्हणाली, "जरा सावलीत बसा हो."

दिग्दर्शकाने डोकं धरलं. "ताई, मघाशी किती छान केलंत!"

"आता नाही जमायचं," आई म्हणाली.

ते काम मागच्या बिल्डिंगमधल्या काकूंना मिळालं. शिंपडणं मात्र दिग्दर्शकाने ठेवलं. पुढे सिनेमा लागला तेव्हा त्या जागी पुढच्या रांगेतली बाई "काय मेली दुष्ट!" म्हणाली, आणि आई माझ्याशेजारीच बसली होती.

त्या दिवशी परतताना दोघी बसमध्ये एकाच सीटवर बसल्या, पण आईचं तोंड खिडकीकडे. खिडकीबाहेर कांद्याची शेतं मागे पडत होती. चाचीने डबा उघडला. चपात्या आणि बटाट्याची भाजी. पुढच्यांना दिली, मागच्यांना दिली, मला दिली. आईला विचारलंही नाही. विचारणं तिने कधीच सोडून दिलं होतं. चाचीच्या घरचं खायची वेळ आली की आईचा नेमका उपास निघायचा, आणि तिचे निम्मे उपास तर पंचांगातही सापडले नसते.

आईने हात पुढे केला. "मला नाही का?"

चाची थांबली. मग तिने एका चपातीवर भाजी घालून दिली. आईने मोठा घास घेतला, सावकाश चावला.

"भाभी, मीठ कमी आहे."

मी कपाळावर हात मारला. चाची आईकडे बघत राहिली, आणि मग जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बारा साल खाल्लं असतं ना वहिनी," ती म्हणाली, "तर तुमच्या मिठाचा अंदाज आला असता मला."