पाठीचा फोटो

वेंगुर्ल्यात तेव्हा एक्स-रेचं यंत्र नवं होतं. मी पाठीचा एक्स-रे काढून दवाखान्याच्या बाकावर बसले होते, तेव्हा एक बाई कंबर धरून शेजारी येऊन टेकली. अंगावर ठेवणीतलं लुगडं, अंबाड्यात ताजी अबोलीची वेणी, तोंडाला पावडर. दवाखान्यात एवढं नटून कोण येतं, असं माझ्या मनात आलंच. शिरोड्याहून एकटीच आली होती.

"दुखता काय गो?" तिने विचारलं.

"नाय गो. थंडगार टेबलार उताणा निजाचा. श्वास धर म्हणतत, तितको वेळ हलाचा नाय. झाला."

"आणि डोळे मिटले तर? फोटो बिघडतलो काय?"

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. 'फोटो काढूया' एवढंच डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. नवरा बोटीवर खलाशी, तीन वर्षांत घरी आला नव्हता. तिला तो फोटो त्याच्याकडे धाडायचा होता. या फोटोत चेहरा येत नाही, नुसती पाठीची हाडं दिसतात, हे मलाच सांगावं लागलं.

ती वेणी चाचपत राहिली.

"गळ्यातलं काढून या," आतून नर्सबाईने हाक मारली.

तिने बाकाच्या दोन्ही टोकांकडे बघितलं. मग मंगळसूत्र काढून माझ्या ओंजळीत ठेवलं.

"दरखेपेक बंदरार उभी रवान मी तेंची पाठच बघतंय," ती म्हणाली. "आता माझी तेंका बघूंदेत."

दार लागलं. माझ्या हातात तिचं मंगळसूत्र अजून ऊन होतं, आणि तिचं नावही मी विचारलं नव्हतं.