धूर न सोडता सुटलेली गाडी

लोणावळा-पुणे लोकल विजेवर धावू लागली तेव्हा ती इतकी वेगात जायची की तिची सावली मागून धापा टाकत यायची. खोटं वाटेल, पण मी स्वतः पाहिलंय. आमची बैलगाडी मात्र अशी, की निघताना बांधावर वाल पेरावा आणि तळेगाव स्टेशनात पोचेतो त्याच्या शेंगा खाव्यात. रूळ जायचे आमच्या शिवेतून, गाडी थांबायची ती दोन कोसांवर तळेगावात.

मी पुण्यातल्या शाळेत मास्तर. लग्नाला चार महिने झालेले, बायको गावी, आणि तिचं तोंड दिसायचं ते शनिवारी. गावाला थांबा मिळावा म्हणून गेलेले सगळे अर्ज माझ्याच हातचे होते. त्यांत इतका कळवळा कुठून आला, हे चाणाक्षांनी ओळखावं.

शेवटी उत्तर आलं. एक दिवस गाडी मिनिटभर थांबेल, इन्स्पेक्टर उतरून माणसं मोजेल, तीस जण चढले तर थांबा पक्का. रुळाकडेच्या मातीच्या ओट्यावर आमचे तीनशे जमले. शेजारच्या बेडसे गावचे पाहुणेसुद्धा ठेवणीतल्या पागोट्यांत हजर. सगळ्यांच्या पुढे गावचे वडीलधारे आबा, हातात पोह्यांची थाळी. कारण आमचा नेमच तसा: शिवेत आलेला पाहुणा चार घास खाऊन जातो, आणि तो खाईपर्यंत गावचं माणूस जागचं हलत नाही.

इन्स्पेक्टर वही उघडून उतरला. आबांनी वही काखेत घेतली आणि थाळी त्याच्या हातात दिली. तो म्हणत होता, आधी चढा. आबा म्हणाले, "सायेब, गाडी कुटं पळतीया? निघायच्या आदी फुसफुसंल की."

आमचा सगळा जन्म कोळशाच्या इंजिनावर गेलेला. ते सुटण्याआधी खोकायचं, धूर सोडायचं, म्हाताऱ्यांनाही चढायला सवड द्यायचं. विजेची गाडी कसली खोकते! शिट्टी ऐकून आम्ही वळलो तोवर शेवटचा डबा वळणापार होता. चढलेली माणसं: शून्य. मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभा, आणि डोळ्यांसमोर उरलेल्या आयुष्यातले सगळे शनिवार.

इन्स्पेक्टरही मागेच राहिलेला. त्याला तळेगावला पोचवायला बैलगाडी जुंपली आणि मीही बसलो. पहिल्या ओढ्यात त्याची टोपी गेली, दुसऱ्यात त्याचा राग. तिसऱ्या ओढ्याशी बैल बसले. तिथून आम्ही दोघांनी गाडी ढकलली. मला तर पक्कं आठवतं, आम्ही बैलांनाही आत बसवलं होतं.

स्टेशनात कंबर धरून त्यानं विचारलं, "मास्तर, तुम्ही असे किती वेळा येता?"

"दर शनिवारी, साहेब. रोज यायचं म्हणून तर अर्ज केला."

त्यानं आबांकडून परत घेतलेली वही उघडली. तीत आणखी एका चाचणीची शिफारस लिहिली. खाली एक अट: पोहे गाडी गेल्यावर.

त्या खेपेला आबांनी सगळ्यांना आधी डब्यात कोंबलं आणि मागून स्वतः चढले. थांबा पक्का झाला.

त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी शाळा सुटल्यावर मी दिवस असतानाच घरी पोचलो. बायको अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं मान वर केली, सूप खाली ठेवलं.

"अवो, आज तर सोमवार हाय न्हवं?"

"व्हय," म्हणालो. "उद्या मंगळवार. उद्याबी येतो."