पहिला तुकडा कावळ्याचा

लढाई संपली त्याच्या पुढच्या साली, होळी नुकतीच झाली होती, तेव्हा भर दुपारी एक माणूस आमच्या ओटीसमोर येऊन उभा राहिला. अंगात खाकी कोट, हातात पत्र्याची पेटी, डाव्या गालाची कातडी भाजून आवळलेली. आईकडे बघून तो म्हणाला, "आलो गो." आई सूप हातात तसंच धरून उभी राहिली. मग आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणला.

मी तेव्हा नऊ वर्षांची. माझा बाप मी दीड महिन्याची असताना मुंबईला बेकरीत गेला आणि तिथून बोटीवर भटारखान्यात लागला. लढाईच्या मध्यावर त्याचे कागद यायचे बंद झाले. गावानं त्याला मेला धरलं होतं. थोरले काका, म्हणजे बापाचे सख्खे भाऊ, शेजारच्याच घरात राहायचे. त्यांनी आईला बजावलं होतं, येत्या दसऱ्यापर्यंत वाट बघ. नाहीतर कुंकू पूस आणि पोरीला घेऊन शहापूरला माहेरी जा. घर आणि भाताचं शेत मग त्यांचं. माहेरी मामा कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर आणि घरात मामी. मामी काय चीज होती ते मी एका उन्हाळ्यात पाहून आले होते. म्हणजे दारात उभा होता तो नुसता बाप नव्हता, आमच्या डोक्यावरचं छप्पर होतं. आणि खरं सांगायचं तर मला बाप हवाच होता. गावातल्या शेंबड्या पोरांनासुद्धा बाप होते.

काकांनी त्याला समोर बसवून नाही नाही ते विचारलं. शिमग्याला आई काय करायची, दिवाळीच्या पहाटे ताटात काय असायचं, लहानपणी कुठल्या भाकरीवरून आपण भांडलो. सगळं त्यानं धडाधड सांगितलं. शेताचा बांध मात्र त्याला आठवेना. पिंपळाकडचा की ओढ्याकडचा, तेही सांगता येईना. लोक म्हणाले, इतकी वर्षं समुद्रावर काढल्यावर बांध कसला आठवतोय. चेहरा भाजलेला, बोली फिरलेली, पण पोटातल्या खुणा पटल्या. काकांनी मान हलवली. त्यांचं मन मात्र हललं नव्हतं, हे मला नऊ वर्षांच्या पोरीलाही कळत होतं.

तो ओटीवरच निजायचा. आत जीव गुदमरतो म्हणायचा. मी त्याला बाबा म्हणायला लागले आणि दिवसातून शंभरदा म्हणायचे, गरज नसली तरी.

मग त्यानं केक करायला घेतले. गावात तो शब्दच कुणी ऐकला नव्हता. पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे, आणि मधे देशोदेशीचं गोड. पहिला बसऱ्याचा. त्यात म्हणे खजूर लागतो. खजूर कुठला आणायचा? मोहाची फुलं गळायचे दिवस होते, त्यानं तीच वाटून पिठाच्या गुंडाळीत भरली. दुसरा मिसरचा, रव्याचा, पाकात बुडवलेला. साखर रेशनवर, म्हणून पाक गुळाचा. त्यावर मधोमध एकच बदाम लावायचा असतो म्हणून त्यानं भोपळ्याची बी लावली, आणि ती सरळ बसेपर्यंत तिच्याशी खेळत राहिला. करवंदं सुकल्यावर विलायती झाला, काळाकुट्ट. पावसात चिन्यांचा, तांदळाच्या पिठात शिंदीची ताडी घालून फुगवलेला आणि वाफेवर केलेला. धसईच्या बाजाराला निघालेला माणूस आमच्या दारावरून जाताना वासानं थांबायचा.

करताना तो पुटपुटायचा. आता हे, मग ते, मग झाकण, मग अमुक वेळ उघडायचं नाही. आणि झाला की आमच्या हातावर तुकडा ठेवून तोंडाकडे बघत बसायचा. कसा लागतो? असाच लागत असंल का? आता आम्ही काय सांगणार कपाळ! आम्ही काय मिसरला जाऊन जेवून आलो होतो? मी म्हणायचे, बेस झालाय. तेवढ्यानं त्याचे डोळे भरून यायचे. स्वतः मात्र तो कणभर तोंडात घालायचा नाही.

आणि पहिला तुकडा आम्हांलाही नसायचा. पळसाच्या पानावर ठेवून तो मागल्या दारी न्यायचा आणि कुंपणापाशी दक्षिणेला ठेवायचा. आईनं ते पहिल्याच वेळी पाहिलं होतं. दक्षिणेला पान जित्या माणसाचं नसतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. देवाचा नैवेद्य असेल तर देव्हारा काय ओस पडला होता?

कावळा आधीच येऊन बसलेला असायचा. निखारे काढायच्याही आधी. एकच, न ओरडता, मान तिरकी करून. तुकडा उचलायचा आणि सिद्धगडाच्या बाजूला उडून जायचा. एका केकला एक कावळा. बसऱ्याच्या वेळी आला तो लंगडा होता. मिसरच्या वेळचा चांगला दोन पायांवर उभा, पण त्याच्या पंखात पांढरं पीस होतं. विलायतीला आला तो एका डोळ्यानं आंधळा. चिन्यांच्या वेळचा इतका लहान की पिल्लूच वाटावं. लोक म्हणतील म्हातारीला चळ लागलाय. लागू दे. मी पाहिलं ते पाहिलं, आणि तेव्हा माझे डोळे चांगले होते. मी धावत आईच्या पदरात शिरायचे. एकदा तिला विचारलं, बाबा कुणाला जेवू घालतात गो? ती म्हणाली, "गप ऱ्हा. ईचारू नको."

भाद्रपद आला. थोरली काकी त्याला हसत म्हणाली, भाऊजी, साऱ्या जगाचं केलंत, आता आपल्या घरचं कधी? म्हणजे धोंडस. काकडी किसून, भाजलेल्या तांदळाच्या रव्यात गूळ घालून, वर-खाली निखारे ठेवून भाजतात ते. माझ्या आजीच्या धोंडसाची पंचक्रोशीत ख्याती होती. त्यात ती काय घालायची ते तिनं दोन्ही सुनांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. मरताना फक्त धाकट्या लेकाला, म्हणजे माझ्या बापाला, जवळ बोलावून कानात सांगितलं होतं. काकांना त्याचाही राग होता.

तो म्हणाला, सर्वपित्रीला करतो.

त्या दिवशी सकाळी त्यानं जून काकडी चिरली, बिया वेगळ्या काढून धुतल्या आणि तव्यावर भाजायला घेतल्या. भाजून वाटून त्या रव्यात मिसळल्या. तो वास घरभर झाला आणि आई चुलीपाशी मटकन खाली बसली. सासूच्या हातचा तोच वास. मला वाटलं तिला आनंद झाला. काय वेडी होते मी! आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की हा आपला माणूस नव्हे. तिला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की आपला माणूस आहे की गेला. आणि ते गुपित माणूस मरतानाच सांगतो.

दुपारी काकांनी आपल्या छपरावर वाडी, म्हणजे पितरांचं पान, ठेवली. कावळ्यानं लगेच शिवली. आमच्याकडे धोंडसाचं पान कुंपणापाशी ठेवलं. कावळे आले. एक नाही, पाच. कुंपणावर ओळीनं बसले आणि पानाकडे बघत राहिले. लंगडा होता, पांढऱ्या पिसाचा होता, आंधळा होता, लहानगा होता. पाचवा मी आधी कधी पाहिला नव्हता. कुणी ओरडेना, कुणी शिवेना. वाडी शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. ऊन कलायला लागलं. तो हात जोडून उभा होता.

काका कुंपण ओलांडून आले. पानाकडे बघितलं, कावळ्यांकडे बघितलं, मग त्याच्याकडे. हळूच म्हणाले, "आईबापाचा घास माझ्याकडं पोचला. मग तुझ्या दारात उपाशी कोन हाय रं?"

आई दाराआड उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता आणि ती माझ्याकडे बघत होती, नुसती बघत होती. मला एकदम सगळं कळलं. इतकं वाईट मला पुढं आयुष्यात कधी वाटलं नाही. ज्याला मी दिवसातून शंभरदा हाक मारत होते तो हा इथं उभा, आणि ज्याची हाक होती त्याला कुणी एकदाही मारली नव्हती. मी बोलले तर घर जाणार, हेही कळत होतं. पण तो पाचवा कावळा उपाशी होता.

मी पानापाशी गेले, बसले आणि म्हटलं, "बाबा, मी तुमची पोर. जेवा."

पाचवा कावळा खाली उतरला. त्यानं घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि उडाला. बाकीचे चार त्याच्यामागोमाग गेले.

काकांनी मुंडासं उतरवलं. ते आमच्या विहिरीवर गेले आणि कपड्यांसकट दोन घागरी डोक्यावर ओतून घेतल्या. सुतकाची बातमी आली की करतात तशी ती आंघोळ होती. वाटलं, झालं, आता बोचकं बांधायचं. काका निथळत तसेच आमच्या ओटीवर येऊन बसले आणि त्याला म्हणाले, शेवटी आमच्या धाकट्यानं काय खाल्लं?

"काय नाय," तो म्हणाला. "खायला कायच नव्हतं."

मग त्यानं सांगितलं. बोट बुडाल्यावर एका होडीत ते सहा जण होते. बसऱ्याचा, मिसरचा, विलायती, एक चिनी पोरगा, माझा बाप आणि हा. पाणी थोडं, अन्न संपलेलं. भूक सोसेना तेव्हा प्रत्येकानं आपल्या घरचं गोड सांगायला घेतलं. खुणांनी, मोडक्या हिंदीत, तासन्‌तास. आमच्या आईचं असं असतं, त्यात हे घालतात, मग झाकण. एकेक जण सांगता सांगता गेला. माझा बाप सगळ्यांत शेवटी. ह्याचं स्वतःचं जगात कुणी नव्हतं, म्हणून ह्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. हा फक्त ऐकत राहिला आणि वाचला.

"यातला येकबी मी खाल्लेला नाय," तो म्हणाला. "समदे ऐकलेले हायेत. तुमचं घरबी."

मग काकांनी आईला पानं वाढायला सांगितलं. आईनं तीन पानं मांडली, त्याचं काकांशेजारी. कपाळाचं कुंकू तिनं पुसलं नाही आणि काकांनी तिकडं बघितलंही नाही. धोंडसाचा तुकडा तोडून त्यांनी आपल्या हातानं त्याच्या पानावर ठेवला आणि तो तोंडात घालेपर्यंत स्वतः हात लावला नाही.

संध्याकाळी पाटलांनी काकांना गाठलं. सुतकासारखे कपड्यांसकट नाहताना कुणीतरी त्यांना बघितलं होतं. कोण गेलं, म्हणून विचारलं. मी काकांच्या मागंच उभी होते.

"कोन जातंय? उकडत व्हतं," काका म्हणाले. "भावाकडं जेवायला गेलतो."