घारीसाठी ठेवलेला घास

रायफल घेण्याआधी मी तिचीही एक्सेल शीट केली होती. हसू नका. तीस वर्षं सांता क्लारात चिप डिझाइन केलेला माणूस मिक्सर घेतानासुद्धा तक्ता करतो. गोळीची जाडी, वेग, आवाज, किती यार्डांपर्यंत भरवशाचा नेम, असे कॉलम होते. शेवटच्या कॉलमला नाव दिलं नव्हतं. त्यात मी एक ते दहा मार्क देत होतो, आणि ते कशाचे हे मला पक्कं ठाऊक होतं. पाप किती लागेल त्याचे.

आमच्या घरात कोणी कधी अंडं फोडलेलं नाही, आणि मी बंदूक निवडत बसलो होतो. कारण खारी. रिटायर झाल्यावर आम्ही सनीव्हेलचं घर विकलं आणि दोन-अडीच तास आत, सेंट्रल व्हॅलीत, तीन एकर डाळिंबाची बाग घेतली. हौस बायकोची. इथली खार झाडावर राहत नाही, जमिनीत बिळं करते. चांगली थोराड असते, झाडांच्या साली कुरतडते, ठिबकच्या नळ्या चावून ठेवते. आणि तिच्या पाठीवर आपल्याकडच्या खारीसारखे देवाच्या बोटांचे पट्टे नसतात. हे मी बायकोला दोन-तीनदा ऐकवलं. स्वतःला तर रोज ऐकवत होतो.

जूनमध्ये बायकोचा पाय अशाच एका बिळात गेला आणि घोटा मोडला. ऑपरेशन, प्लेट, स्क्रू, वर प्लास्टर. पासष्टाव्या वर्षी ती लहान मुलीसारखी रडली हो. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता एकेकीला बघतो.

बाग ज्यांच्याकडून घेतली ते म्हातारे शेजारीच राहायचे. एकटेच. बायकोने त्यांना 'काका' हा शब्द शिकवला होता, आणि तो त्यांना इतका आवडला की फोनवर स्वतःच 'काका बोलतोय' म्हणायचे. त्यांना मी माझा तक्ता दाखवला. माझा जीव सतरा नंबरच्या गोळीवर जडला होता, कारण ती सगळ्यात बारीक. बारीक गोळी, बारीक पाप, असा माझा अडाणी विचार. काका मिश्या पुसत हसले. म्हणाले, "अरे बाबा, ती बारीक असली तरी भलती वेगवान असते. खारीच्या चिंध्या होतील. तू साधी पॉइंट टू-टू घे. हळू गोळी, कमी आवाज, कमी धक्का. पण नेम डोक्यावर लागला पाहिजे, नाहीतर गोळी झाडूच नकोस."

मग सेफ्टीची लेखी परीक्षा. त्यानंतर बंदूक हातात मिळेपर्यंत दहा दिवसांची सरकारी वाट. त्या दहा दिवसांत माझा राग निम्मा उतरला होता, खरं सांगतो. पण शीट केली होती, पैसे भरले होते, आणि बायको कण्हत होती.

काकांनी कुंपणापलीकडे रिकामे डबे मांडून मला शिकवलं. आधी मागे काय आहे ते बघ. श्वास अर्धा सोड. चाप ओढू नकोस, दाब. आमच्या शेडमधल्या फळीवर त्यांच्या जुन्या काडतुसांचा एक कॉफीचा टिन राहिला होता. तो हातात घेऊन म्हणाले, "ह्या गोळ्या शिशाच्या आहेत. फक्त डब्यांवर. जनावरावर तांब्याच्याच वापरायच्या, कायदाच आहे तसा. शिशाने मेलेलं जनावर पाखराने खाल्लं की पाखरूही मरतं. आणि काय मारशील ते पुरून टाक." इतकं स्पष्ट सांगितलं होतं त्यांनी. मला समजलं नाही असं म्हणायला जागाच नाही.

इकडे बायकोला दिवसभर व्हरांड्यात पाय वर करून बसायचं होतं. समोरच्या निलगिरीवर एक जोडी राहायची. इथले लोक हॉक म्हणतात, आम्ही आपलं घार म्हणायचो. पक्षीवाले रागावतील, रागावोत. शेपटी विटकरी लाल. मादी नरापेक्षा चांगली मोठी. बायको दुर्बीण लावून त्या दोघांचा संसार बघत राहायची. कोण आधी उठलं, कोणी काय आणलं, कोण कोणावर ओरडलं. मी संध्याकाळी आत आलो की सगळी बित्तंबातमी मिळायची. "आज ती रुसलीय बघ. तो उंदीर घेऊन आला तरी ढुंकून बघितलं नाही तिने." दुखणं विसरायची ती तेवढा वेळ. पुढे तिनेही कुठेतरी शिशाचं वाचलं आणि माझा हात धरून म्हणाली, "तू तांब्याच्याच वापरतोस ना? मला शब्द दे." मी दिला. तेव्हा तो खरा होता.

तीन आठवडे मी तांब्याच्याच वापरल्या. पण माझ्या रायफलीला त्या मानवेनात. चाळीस यार्डांवर शिशाच्या पाच गोळ्या एका बिस्किटाएवढ्या जागेत बसायच्या, तांब्याच्या ताटभर पसरायच्या. आणि एका सकाळी एक खार कमरेत लागली. ती पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत, किंचाळत बिळाकडे गेली. मी दुसरी गोळी भरेपर्यंत आत गेली. बिळातून आवाज येत राहिला. मी फावडं घेऊन खणायला लागलो, पण उन्हाळ्यात तिथली जमीन म्हणजे नुसता दगड. बऱ्याच वेळाने आवाज थांबला. मी तिथेच बसून ओकलो.

दुसऱ्या दिवशी मी कॉफीचा टिन उघडला. खार जागच्या जागी पडली, शेपूटही हललं नाही. सुटलो, असं वाटलं मला. काय वाईट केलं? दयाच केली, असं म्हणालो.

पुरायला जमीन खणवत नव्हती आणि मेलेलं जनावर कचऱ्याच्या डब्यात टाकवत नव्हतं. लहानपणी श्राद्धाच्या दिवशी आई गच्चीच्या कठड्यावर पान ठेवायची आणि कावळ्याची वाट बघत हात जोडून उभी राहायची. ते कसं कोण जाणे माझ्या अंगात आलं. मी कुंपणाच्या खांबावर एक फळी ठोकली, खार तिच्यावर ठेवली, आणि लांब उभा राहिलो. हातही जोडले. मादी आली, दोनदा घिरटी घातली आणि घेऊन गेली. कावळा शिवल्यावर घरातली मोठी माणसं सोडायची ना, तसा सुस्कारा सोडला मी. वाटलं, चला, हिचं सोनं झालं, माझ्या माथ्यावरचं उतरलं. व्हरांड्यातून बायको टाळ्या वाजवत होती.

काकांचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. रोज आठवायचं. पण गोळी आरपार जाते, आत काय डोंबल राहणार, असं मी ठरवून टाकलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डिझाइनमधल्या चुका काढल्या मी. हे एकदाही तपासून बघावंसं वाटलं नाही. ऑगस्टभर फळीवर घास जात राहिला. नर लाजरा, फारसा यायचा नाही. मादी मात्र माझ्या गोळीच्या आवाजावर यायला लागली.

सप्टेंबरात, ऐन पितृपंधरवड्यात, ती निलगिरीखाली बसलेली दिसली. पंख पसरलेले, मान लोंबलेली, पंजे मुठीसारखे आवळलेले. माणूस जवळ गेला तरी उडेना. बायको काठी टेकत माझ्या मागे आली आणि पुटपुटत राहिली, "अगं काय झालं तुला, अगं काय झालं." आम्ही तिला टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्यात घातलं आणि तासाभरावरच्या पक्ष्यांच्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टर मुलीने एक्स-रे लावून दाखवला. पोटात पांढरे ठिपके, खसखशीएवढे. शिसं. वाचेल कदाचित, म्हणाली, पण औषधं बरेच आठवडे चालतील. मग तिने विचारलं, "तुमच्या भागात कोणी शिशाच्या गोळ्या वापरतं का?"

माझ्याआधी बायको बोलली. "आम्ही नाही. माझा नवरा तांब्याच्याच वापरतो. त्याने मला शब्द दिलाय." आणि दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी म्हणालो, "शेजारी एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे शिशाच्या जुन्या गोळ्या होत्या."

बघा, एकही शब्द खोटा नाही. इतक्या सफाईने मी उभ्या आयुष्यात खोटं बोललो नव्हतो.

परतताना बायको गाडीत भडकलेली होती. "मी जाऊन बोलतेच त्यांच्याशी." मी घाबरून म्हणालो, "जाऊ दे गं. म्हातारा माणूस, ऐकणार आहे का आता? उगाच शेजारधर्म बिघडेल." तिने मानलं. पण काकांना दर शुक्रवारी जाणारा डबा कॅन्सल केला. काकांनी आधीचा डबा धुऊन, त्यात अंजिरं भरून आणला, तेव्हा तिने दार उघडलं नाही. मीच घेतला. कुंपणापाशी त्यांनी मला हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, "छे हो. तिचा पाय दुखतोय." मान हलवत गेले बिचारे. मी अंजिरं शेडमध्ये ठेवली आणि त्यांना मुंग्या लागल्या.

टिन मी हॉस्पिटलातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी टाकून आलो होतो. रायफल कुलपात गेली. बायकोला म्हटलं, घारीचं बघून मन उडालं. तिला माझा केवढा अभिमान वाटला! फोनवर मैत्रिणींना सांगायची, हा किती हळवा आहे म्हणून. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचो. लाज वाटायची, पण बोलण्याइतकी नाही.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा एका मंगळवारी हॉस्पिटलातून फोन आला. मीच घेतला. घार बरी झाली होती. डॉक्टर म्हणाली, "खरं म्हणजे पक्षी सापडला तिथेच सोडायचा असतो. त्यातून तिचा नर तिथे आहे. पण तिथे अजून शिसं पडत असेल तर आम्ही नाही सोडणार. मी येऊन तुमच्या शेजाऱ्यांशी बोलू का? बरेचदा लोक ऐकतात."

एका वाक्याचं काम होतं. शेजारी नव्हे, मीच, आणि आता शिसं संपलंय. एवढं म्हटलं असतं तर घार दुसऱ्या दिवशी घरी आली असती. पण ही मुलगी काकांच्या दारात जाणार, काका हात वर करणार, मग बायको मला विचारणार, हे सगळं मला क्षणात दिसलं. मी म्हणालो, "नको. ते ऐकणाऱ्यातले नाहीत."

बुधवारी तिला सत्तर मैलांवर, डोंगरापलीकडच्या राखीव रानात सोडलं. आम्ही बघायला गेलो होतो. खोकं उघडताच ती वर गेली, आम्हा कोणाकडे वळूनही न बघता. बायको हसत रडत होती. घरी आलो तर निलगिरीवर नर एकटा बसून ओरडत होता. सहा आठवडे तसाच ओरडत होता तो, पण त्या दिवशी मला ते ऐकवेना. बायको व्हरांड्यात बसली आणि काकांच्या घराकडे बघून म्हणाली, "ह्या माणसाला झोप कशी लागते रे?"

थोड्या वेळाने काकाच आले. हातात टोपी. त्यांना घारीचं गावात कोणाकडून तरी कळलं होतं. पायरीवरच उभे राहून बायकोला म्हणाले, "चूक माझी आहे. तुमच्या शेडमधला माझ्या शिशाच्या गोळ्यांचा तो टिन मी तेव्हाच घेऊन जायला हवा होता. तू बोलत नाहीस त्याचा मला राग नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. "कुठला टिन?"

मग मी सांगितलं. टिन, फळी, सगळं. काकांना कळावं म्हणून इंग्लिशमध्ये, आणि मंगळवारच्या फोनपाशी आलो तेव्हा आपोआप मराठीत. काकांनी टोपी घातली आणि माझ्याकडे न बघता गेले. बायको ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "मंगळवारी बोलला असतास, तर आज ती इथे असती ना?"

मी हो म्हणालो.

त्याला आता वर्ष होईल. शुक्रवारचा डबा पुन्हा जातो, ती स्वतः नेऊन देते. काका मला कुंपणावरून हात करतात, हवेबद्दल बोलतात, बाकी नाही. बिळं मी फावड्याने बुजवतो, खारी ती पुन्हा उकरतात. बायको माझ्याशी नीट बोलते, चहा देते, चेष्टासुद्धा करते. फक्त संध्याकाळी मी म्हणतो, ठिबकचा नळ बंद केलाय, शेडला कुलूप घातलंय. ती "बरं" म्हणते, काठी घेते, आणि तो मोडलेला पाय ओढत बागेच्या टोकापर्यंत जाऊन बघून येते.