पुण्याहून आणलेलं जुनेर

हॉलच्या दारातच फिल्मवाल्या मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं. मी दिवाळीला घेतलेली हिरवी साडी नेसले होते. केसात गजरा होता. दौंडला सामाजिक प्रश्नांवरच्या माहितीपटांचा महोत्सव होता, त्यात माझ्यावर काढलेली फिल्म दाखवणार होते, आणि मला स्टेजवर बोलावलं होतं. सत्काराला जाताना बाई नटणार नाही तर काय करणार?

मॅडम म्हणाल्या, "ताई, अशा कशा आलात? लोकांना तुम्ही खऱ्या वाटल्या पाहिजेत."

मग त्यांनी पिशवीतून एक फाटकं जुनेर काढलं आणि बाथरूम दाखवलं.

ते जुनेर माझं नव्हतं. मी कुरकुंभच्या कंपनीत पॅकिंगला जाते. कंत्राटी आहे, पण चिंध्या नेसत नाही. शूटिंगच्या वेळी माझ्या घरात त्यांच्या मनासारखं फाटकं काही सापडेना, म्हणून त्यांनी हे पुण्याहून आणलं. चांगलं महागातलं सुती कापड, कात्रीनं फाडलेलं. वस्तीतल्या बाया पोट धरून हसल्या होत्या. घरात नळ असताना मला हंडा घेऊन नदीवर पाठवलं. मी गेले. मला एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगायची होती, आणि ती जगाला कळावी म्हणून मी त्यांचं सगळं ऐकलं.

ती गोष्ट अशी. आमची स्मशानभूमी भीमेच्या काठावर. तिकडची पिढ्यान्पिढ्यांची वाट आप्पांच्या उसातून जाते. आप्पा म्हणजे आमच्या गावचे मोठे बागायतदार, निवडणूक कुठलीही असो, त्यांना विचारल्याशिवाय अर्ज भरला जात नाही. त्यांनी वाटेवर लोखंडी गेट बसवलं आणि कुलूप घातलं. मागच्या पावसाळ्यात माझे सासरे वारले. माणसं किल्ली मागायला गेली. आप्पांनी निरोप धाडला, महारवाड्यानं ओढ्यानं जावं.

ओढ्यानंच नेलं. गुडघाभर चिखल, वर बाभळीचे काटे. तिरडी कलली आणि सासऱ्यांचा हात चिखलात बुडाला. सासूनं ते बघितलं. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं: "मला वढ्यातनं न्हेऊ नका. माझी वाट गेटातनं हाय."

हे सगळं मी कॅमेऱ्याला सांगितलं होतं, आप्पांच्या नावासकट. ऐकताना मॅडम माझा हात धरून रडल्या होत्या. मी वेडी, मला वाटलं आता कुलूप निघेल. त्या आशेवरच मी बाथरूममध्ये गेले आणि जुनेर हिरव्या साडीवरूनच गुंडाळून बाहेर आले.

अंधार झाला, फिल्म लागली. हंडा होता. जुनेर होतं. मागं बासरी वाजत होती. मी रडत होते, पण का रडते ते कुठंच नव्हतं. गेट नाही, कुलूप नाही, आप्पांचं नाव नाही. एक भारदस्त आवाज सांगत होता, समाजाची मानसिकता बदलली पाहिजे. पुढच्या रांगेतल्या बायका रुमालानं डोळे टिपत होत्या. त्यांची मला किळस आली.

दिवे लागले आणि प्रमुख पाहुणे उठले. आप्पाच. हॉल त्यांनी मिळवून दिलेला, जेवण त्यांच्याकडून, बॅनरवर फोटो त्यांचा. माझं दुःख बघून काळीज हललं म्हणाले. मग शाल माझ्या खांद्यावर टाकली, बोट लागणार नाही अशा बेतानं. मला दोन शब्द बोला म्हणून माइक दिला.

मी विचारलं, "आप्पा, गेटाचं कुलूप कवा काढणार?"

आप्पा हसत हसत म्हणाले, "बाई, हितं फिल्मचं बोल." आणि मॅडमनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. "ताई, हा मंच व्यक्तिगत आरोपांसाठी नाही."

म्हणजे माझं रडणं सगळ्यांचं, आणि माझा सासरा तेवढा व्यक्तिगत. थू असल्या कळवळ्यावर. यांच्यापेक्षा आप्पा परवडले, ते निदान कुलूप उघड उघड लावतात.

मी तिथंच स्टेजवर जुनेर सोडलं. आतली हिरवी साडी बघून कोणीतरी हसलं. हसू दे. जुनेराची घडी घातली, त्यावर शाल ठेवली आणि ते सगळं मॅडमच्या हातात दिलं.

"हे तुमचं हाय. तुमीच नेसा, लोकान्ला खऱ्या वाटाल."

जेवायला थांबले नाही. घरी येऊन सासूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता?"

आता हे, की किल्ली मागायला आमच्यातलं कोणी कोणाच्या दारात जाणार नाही. वस्तीत बसून तसं ठरलं आहे. सासूनं खाट धरली आहे. तिची तिरडी दिवसाढवळ्या गेटातून जाईल, आप्पा समोर उभे असले तरी. मॅडमना फोन करणार नाही, आणि कॅमेऱ्यासमोर मी पुन्हा रडणार नाही. घण दाराशी काढून ठेवला आहे.