गल्ली पलीकडे गेली

"कोणाचा माणूस आहे तो?" कोणाचंही नाव निघो, अण्णांचा पहिला प्रश्न हाच. तलाठी असो, डॉक्टर असो. एकदा गल्लीत वळू शिरला, तर त्याच्याबद्दलही त्यांनी हेच विचारलं!

पंचवटीत माझं झेरॉक्सचं दुकान आणि दुकानापुढच्या बाकावर अण्णा. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेलच. रेशनकार्ड, नळ, शाळेतला प्रवेश, कोणाचं काहीही अडलं की अण्णा निघाले आमदारांकडे. आमदार त्यांना नावानं हाक मारायचे. आयुष्याची कमाई म्हणाल तर एवढीच.

मग मतदारसंघ नव्याने आखायला आयोग नेमला गेला आणि कच्चा नकाशा पेपरात आला. आमची गल्ली थेट पलीकडच्या मतदारसंघात! अण्णा पेपर घेऊन दुकानात.

"ताई, या आयोगात वरचा कोण?"

"निवृत्त न्यायाधीश आहेत म्हणे."

"कोणाचे?"

"कोणाचेच नाहीत, अण्णा. म्हणून तर नेमलेत."

"असं कसं? मग ते ऐकणार कोणाचं?"

मला हसू आवरेना. 

ते आमदारांकडे गेले आणि चक्रावूनच परतले. "साहेब म्हणतात, आयोगाच्या बैठकीला मी बसतो, पण तिथं मला मत नाही. आमदाराला मत नाही, ताई! काय चाललंय काय हे?"

मग अण्णा आयोगाच्या सुनावणीत हरकत मांडून आले. "नीट ऐकून घेतलं हो त्यांनी. पण हो म्हणाले की नाही, तेच समजेना."

गल्ली गेलीच. प्रत्येक मतदारसंघात लोकसंख्या सारखी यायला हवी होती, असं कोणी म्हणालं. असेलही. वशिल्याशिवाय कामं व्हावीत असं मलाही वाटायचं, आणि अण्णांचं बाकावर रिकामं बसून राहणंही बघवायचं नाही. यातलं बरोबर काय, देव जाणे.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. डोळ्यांपुढे येतात ते गल्ली गेल्यानंतरच्या पहिल्या मतदानाच्या दिवशीचे. यंत्रापुढे इतका वेळ उभे, की आतला अधिकारी म्हणाला, "आजोबा, बटण दाबा की!"

एरवी मत दिलं की ते तडक आमदारांना गाठून "दिलं बरं का, साहेब" म्हणून यायचे. त्या दिवशी शाळेच्या फाटकाशीच घुटमळत होते. मला बघितलं आणि जवळ आले.

"दिलं, ताई. पहिल्यांदाच माझ्या मनानं दिलं."

"मग छानच झालं की, अण्णा."

"हो, पण आता सांगायला जाऊ कुठं?"

मी म्हटलं, "चला, मला सांगा."




अण्णा बोटाची शाई बघत राहिले. म्हणाले, "तुम्ही काय, घरच्याच. घरच्यांना सांगितलेलं कुठं पोचतं?"