अर्ध्या ओळीची उडी

मुकुटबनच्या पंचक्रोशीत सिनेमातलं एक गाणं कित्येक वर्षं चुकीचं म्हटलं गेलं, आणि ते चुकीचं केलं होतं माझ्या लेकीने. एकोणीसशे साठच्या अलीकडची-पलीकडची ही गोष्ट.

माझ्या नवऱ्याचा भोंगा होता, म्हणजे लाउडस्पीकर. भोंगा, बॅटरी, ग्रामोफोन आणि रेकॉर्डांची लाकडी पेटी असा सगळा संसार बैलबंडीत घालून तो लग्नांना जायचा. लग्न कोणाचंही असो, त्याला आधी मांडव दिसायचा नाही, भोंगा बांधायला झाड दिसायचं. गाणी वाजवणाऱ्याच्या घरी पडले म्हणजे मजा आहे, असं मला लग्नाआधी वाटलं होतं. कसली मजा! घरी तो तोंडातून शब्द काढायचा नाही. दिवसभर भोंग्याखाली बसून त्याचे कान गेले आहेत असं मी बरीच वर्षं समजत होते.

त्याच्या पेटीत झोक्याचं एक गाणं होतं. कुठल्याशा हिंदी सिनेमातली बाई झोक्यावर बसून म्हणते, एवढंच आम्हाला माहीत. सिनेमा कोणी पाहिलेला नव्हता. ग्रामपंचायतीचा रेडिओ होता, पण तो पाऊसपाणी आणि बाजारभाव सांगण्यात गुंग. त्यामुळे आमच्या भागात ते गाणं आलं ते आमच्याच भोंग्यातून, आणि आलं ते सुटलं. नवरदेव वेळेवर येवो न येवो, झोक्याचं गाणं आधी लागलं पाहिजे.

लेक तेव्हा चारेक वर्षांची असेल. बाप सुई टेकवतो आणि तबकडी गाते, हे ती रोज बघायची. झिजलेल्या सुया तो जर्द्याच्या रिकाम्या डबीत टाकायचा. एका दुपारी तिने त्यातली एक सुई काढली, झोक्याची रेकॉर्ड अंगणात मांडीवर घेतली आणि सुई टेकवली. गाईना. मग तिने जोर लावला. मी बाहेर आले तेव्हा ती रेकॉर्डला कान लावून बसली होती आणि तबकडीवर चांगला बोटभर ओरखडा होता.

पुढच्या लग्नात नवऱ्याने ती रेकॉर्ड भीतभीतच लावली. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्या कडव्यात सुई त्या ओरखड्यावर आली, उचकी लागल्यासारखी उडाली आणि अर्धी ओळ गिळून थेट धृपदावर पडली. नवऱ्याने कपाळाला हात लावला. मांडवात कोणाच्या लक्षातही आलं नाही. आमची बया मात्र भोंग्यासमोर उभी होती. सुई उडाली तशी तीही दोन्ही पायांनी उडाली आणि खदाखदा हसली. मग तिचं बघून बाकीची पोट्टीही उडू लागली. त्या हंगामात आम्ही जिथे जिथे गेलो तिथे दुसऱ्या कडव्यात पोरं उडी मारायची, आणि नवऱ्याने नवी रेकॉर्ड आणायचं नाव काढलं नाही.

उन्हाळ्यात ती तापाने गेली.

मी रडले नाही. यात शौर्य काही नव्हतं, आतून काही आलंच नाही. बाया यायच्या, माझ्या गळ्यात पडून रडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि पाणी आणून द्यायचे. सासू रोज म्हणायची, "रडून घे वं माय एकदा. अशी नको राहू." मी बरं म्हणायचे आणि पोळ्या लाटायला बसायचे. पोळ्या चांगल्या व्हायच्या. बाहेर बाया कुजबुजायच्या, हिचं काळीज कशाचं हाये म्हणून. मलाही तेच विचारायचं होतं, पण विचारणार कोणाला?

तिचा फोटो नव्हता. पांढरकवड्याला जाऊन काढू, काढू म्हणता राहिला. तिचे झगे सासूने कोणाच्या तरी लेकराला देऊन टाकले, आणि ते योग्यच होतं. वर्ष उलटेपर्यंत मला तिचं नाक कसं होतं ते आठवेनासं झालं. मी डोळे मिटून बसायचे, तर शेजारच्या पोरीचं नाक दिसायचं. मला याचं दुःख व्हायला हवं होतं. झालं नाही. फक्त वाटलं, आता थोड्या दिवसांनी ती होती हेही मला लोकांकडून कळेल.

त्याच सुमारास ती रेकॉर्ड फुटली. रस्त्यावरच्या दगडावरून बंडी उसळली आणि पेटीत तबकडीचे दोन तुकडे झाले. नवरा ते दोन तुकडे दोन हातांत घेऊन चुलीजवळ आला.

"फुटली," तो म्हणाला.

"बरं," मी म्हणाले.

नवी मिळाली नाही. गाणं जुनं झालं होतं, दुकानदार दुसरीच घ्या म्हणायचे. भोंग्यातून झोक्याचं गाणं बंद झालं.

घरात बसवेना म्हणून मी पुन्हा नवऱ्याबरोबर बंडीत जाऊ लागले. एका लग्नात वाजंत्री बँड आला होता. पितळी बाजे, मोठा ढोल, अंगात रंग उडालेले लाल कोट. त्यांनी वरातीत झोक्याचं गाणं धरलं, तेही घोड्याला पळायला लावील अशा चालीत. झोका कसला, त्या बाईला बंडीला बांधून पळवत नेल्यासारखं वाटत होतं. मी भात वाढत होते. दुसरं कडवं आलं आणि अर्ध्या ओळीवर ढोलवाल्याने एकच दणका दिला. त्या दणक्यावरून सगळे बाजे धृपदावर गेले. माझ्या हातातला भाताचा चमचा थांबला.

जेवायला बसला तेव्हा मी बँडमास्तरला विचारलं, "तिथे ढोल कशाला वाजवता?"

"तिथं गाणं तुटते ना बाई," तो म्हणाला. "ढोल टाकला का सांधा दिसत नाई. लय दिवस लागले आमाले ते बसवाले."

मी त्याला आणखी भात वाढला. आत काही हललं असं म्हणता येणार नाही. पण घरी येईपर्यंत तो दणका मी मनात वाजवत होते, हे खरं.

नंतर वैशाखातली पौर्णिमा आली. गावाच्या दुसऱ्या अंगाला छप्पन सालानंतर बौद्ध झालेली घरं होती, त्यांनी जयंतीला भोंगा सांगितला. नव्या वाटेवर निघालेल्या माणसांना नवी गाणी हवी होती आणि चाली बांधत बसायला सवड नव्हती. म्हणून तिथल्या एका गवंड्याने सिनेमाच्या चालींवर शब्द बसवले होते. हार्मोनियम, ढोलकी आणि पाच-सहा खणखणीत गळे. झोक्याच्या चालीवर त्याने शाळेचं गाणं केलं होतं. लाडिक बाई गेली होती आणि तिच्या जागी पाटी-पेन्सिल घेऊन निघालेली पोरगी आली होती. खरं सांगायचं तर मला सिनेमापेक्षा हेच बरं वाटलं. दुसऱ्या कडव्यात ती ओळ आली आणि मधेच संपली. तोडल्यासारखी नाही, नीट, अर्थासकट. त्याने तिथे शब्दच तेवढे घातले होते.

गवंड्याची बायको माझ्याशेजारी बसली होती. मी म्हणाले, "इथे अर्धी ओळ कमी आहे."

"कमी कशी राहीन?" तिला राग आला. "चालच तेवढी हाये. आमच्या घरच्यानं बोटावर मोजून मोजून बसवली. तुमच्याच भोंग्यावर आयकली न् तुमीच म्हनता कमी हाये?"

एका माणसाने माझ्या लेकीचा ओरखडा बोटांवर मोजला होता आणि त्या मापाची वीट घडवून बसवली होती. हे तिला सांगितलं असतं तर तिने मला पाणी दिलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता. मला ते नको होतं.

परतताना बंडीत मी नवऱ्याला म्हणाले, "त्या लोकांनी अर्धी ओळ सोडली. बँडवालेही सोडतात."

"मले माहीत हाये," तो बैलांकडे बघत म्हणाला. "मी कवाचा आयकून राह्यलो."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू इचारलं नाई."

मला असा संताप आला की बंडीतून उतरून पायी जावं. बहिरा म्हणून ज्याला इतकी वर्षं सांभाळला त्याचे कान माझ्यापेक्षा शाबूत होते. अलीकडे तो लांबलांबच्या गावांची लग्नं कशाला घेतो, हेही तेव्हाच कळलं. पण उतरले नाही. रस्त्यावर अवकाळी पावसाचा चिखल होता.

त्यानंतर मी ऐकत फिरू लागले. दुसरं काही काम असल्याचं आठवत नाही. गुरुवारच्या भजनात देवाचं नाव घालून तेच गाणं यायचं आणि मृदंगवाला त्या जागी हात वर करून थांबायचा. कुठेही गेले तरी मी दुसऱ्या कडव्याची वाट बघायचे. ते आलं की बरं वाटायचं असंही नाही. हजेरी घेतल्यासारखं व्हायचं.

जंगलाकडच्या तांड्यावर एक लग्न होतं. तांड्यावरच्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलुख पालथा घालायचे. आता सगळे शेती करतात. त्यांच्यात नवरी सासरी निघताना एकेका बाईच्या गळ्यात पडून रडते, आणि ते रडणं गाऊन रडायचं असतं. त्याला ढावलो म्हणतात. नवरी ते आधीपासून शिकते. समोरच्या बाईनेही तिला कवटाळून रडायचं, पाहुणी असली तरी. चालत चालत ती माझ्यापर्यंत आली. अंगावर आरशांची, कवड्यांची कांचोळी, चेहरा रडून सुजलेला. तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि कानाशी सूर धरला. शब्द त्यांच्या गोर बोलीतले, मला अर्धेच कळत होते. चाल झोक्याच्या गाण्याची होती, पण इतकी संथ की आधी ओळखूच आली नाही. ती त्या जागी आली, ओळ अर्धी सोडली आणि तिने हुंदका घेतला. मग धृपद.

मी तशीच उभी होते, हात लोंबते. सगळ्या बाया बघत होत्या. मला रडता आलं नाही आणि मला त्या नवरीची लाज वाटली. तिला मी काहीच देऊ शकले नाही.

नंतर एका म्हातारीला विचारलं, नवरी तिथे हुंदका का घेते?

"गानं तसंच हाये, बाई," म्हातारी म्हणाली. "तेथंच रडू येते."

पुढे दोन-चार वर्षांनी बाजाराच्या मैदानात फिरत्या टॉकीजचा तंबू आला आणि त्यात तो झोक्याचा सिनेमा लागला. दिवस मावळताच पहिला खेळ. मुकुटबन तर होतंच, पण बंड्या भरभरून आसपासची गावं, तांडे सगळे लोटले. मधे दोर बांधून इकडे बाया, तिकडे माणसं. पोरंसोरं पडद्याजवळच्या फुफाट्यात. सासू माझ्याशेजारी होती. सिनेमा सुमार होता. नायक तर पाहवत नव्हता.

झोका आला आणि तंबूत आनंदीआनंद झाला. पहिल्या ओळीपासून सगळे म्हणू लागले. इतक्या वर्षांनी त्या बाईला बघत होतो आम्ही. चांगली दिसत होती. दुसरं कडवं आलं. ती ओळ सुरू झाली आणि अख्खा तंबू अर्ध्यातून उडून एका सुरात धृपदावर जाऊन पडला. पडद्यावरची बाई मागे राहिली. ती उरलेली अर्धी ओळ एकटीच म्हणत होती. त्या अर्ध्या ओळीत काही विशेष नव्हतं.

मग माणसांच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "बाई चुकली बे!"

केवढा हशा झाला. आणि त्या हशात मी समोर बघितलं. पडद्याजवळची पोरं त्या जागी उठून दोन्ही पायांनी उडाली होती, त्यांच्या सावल्या पडद्यावर बाईच्या झोक्याइतक्या वर गेल्या आणि खाली आल्या. त्यातली कितीतरी माझी लेक गेल्यावर जन्मलेली. त्यांना कोणी शिकवलं, मला माहीत नाही. मोठ्या पोरांनी शिकवलं असेल.

मी रडू लागले. तोंडावर पदर घेतला तरी आवाज येत होता. बाया हसत होत्या, शिट्ट्या वाजत होत्या आणि मी हमसून हमसून रडत होते. तिचं नाक मला तेव्हाही आठवलं नाही. उडी मारून खाली येतानाचे तिचे धुळीचे पाय आठवले.

सासू माझ्याकडे वळली. रड रड म्हणून जिने वर्षानुवर्षं माझ्यामागे लकडा लावला होता, ती म्हणाली, "सिनेमा पाहून कायले रडतं वं?"

"बाई चुकली," मी म्हणाले.

सासूने पडद्याकडे बघितलं. पोरं अजून उड्या मारत होती. तिने माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"चुकली खरी," ती म्हणाली, आणि खेळ संपेपर्यंत तिने तो हात सोडला नाही.